महालक्ष्मीच्या गोळ्या

हट्ट्याच्या द्वारकाबाईला दुसऱ्यानं केलेलं काम कधी पसंत पडलं, असं सांगणारा माणूस गावात सापडायचा नाही. कुणी भाकरी थापली तर तिचे काठ जाड, कुणी अंगण झाडलं तर कोपरे तसेच. नवरा संतराम याने तर अडतीस वर्षांच्या संसारात एकही गोष्ट बराबर केलेली नव्हती. दिवसभर फवारणी करून तो दारात आला, की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "पंप कुठं टाकून आलात?" संतरामनं या सगळ्यावर एक उपाय शोधला होता. तो ऐकायचाच नाही.

भादव्यात तिच्या या स्वभावाला उधाण यायचं. घरच्या महालक्ष्म्या म्हणजे गल्लीत नाव होतं. कोठ्या घासून उभ्या करायच्या, त्यात धान्य भरायचं, वर पितळी मुखवटे बसवायचे आणि दोघींना साड्या नेसवायच्या. नेसवायला चार बायका यायच्या, मन लावून निऱ्या घालायच्या, आणि त्यांची पाठ वळली की द्वारकाबाई त्या सोडून पुन्हा घालायची. निऱ्या पोथीच्या पानांसारख्या एकावर एक बसल्या पाहिजेत, असं तिचं म्हणणं. सून कोमल घरात आल्याला सात वर्षं झाली होती. तिच्या हाताला वळण होतं. तिच्या निऱ्या द्वारकाबाई एकदाच सोडायची, आणि हे तिच्या लेखी कौतुक होतं.

आता एवढं मोठं देवीचं काम, आणि घरात बाईमाणसाची अडचण आली तर? ती यायचीच नाही. द्वारकाबाईचा बंदोबस्तच तसा होता. स्वयंपाकघराच्या दाराआड कॅलेंडर टांगलेलं असे आणि त्यावर पेन्सिलीच्या बारीक फुल्या. पोळा जवळ आला की ती बोटं मोजून हिशोब लावी, आणि कोमलची तारीख महालक्ष्म्यांवर येतेय असं दिसलं की बसस्टँडजवळच्या ओमप्रकाशच्या मेडिकलवर जाई. "देवीचं हाय," एवढंच म्हणायचं. ओमप्रकाश वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी काउंटरवरून सरकवायचा. चिठ्ठी नाही, विचारणं नाही. गल्लीतल्या पाच-सात बायकांच्या पट्ट्याही तीच आणायची. त्या गोळ्यांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बायका त्यांना महालक्ष्मीच्या गोळ्या म्हणायच्या. पट्टी राहायची मुखवट्यांच्या डब्यात, लाल फडक्याखाली. घरातल्या पुरुषांना यातलं काही माहीत नव्हतं. संतराम तर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचा, "आमच्या घरी महालक्ष्म्यांत कंदी अडचण येत न्हाई बगा. देवीची किरपा हाय." आत द्वारकाबाई कपाळावर हात मारून घ्यायची.

त्या वर्षी मात्र चार दिवसांचं काम चार दिवसांत संपलं नाही. महालक्ष्म्या झाल्या, त्यांच्या मागोमाग पितृपक्ष लागला. संतरामच्या वडिलांची तिथी दशमीची. मग लगेच घट बसायचे. मधे गोळ्या बंद करून कोमल बाहेर बसली तर पित्तरांचा स्वयंपाक कोण करणार? द्वारकाबाईचे गुडघे धरलेले, मोठ्या चुलीपुढं तिला बसवत नव्हतं. तिनं ओमप्रकाशकडून आणखी पट्ट्या आणल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चहाच्या कपाबरोबर ती स्वतःच्या हातानं गोळी द्यायची. सून विसरणार नाही याचा तिला भरवसा नव्हता.

बाराव्या-तेराव्या दिवशी कोमल म्हणाली, "आत्या, चार दिस झाले डोकं जड जड वाटून राहिलं. गोळ्या बंद करू का?"

"अन् पित्तरं कोण करंल? तुझा सासरा वडे तळंल का?" द्वारकाबाई म्हणाली. "जरा दम धर. आमी काय कमी केलं का?"

कोमलनं दम धरला.

दशमीला ऊन असं पडलं होतं की पत्रे तडतडत होते. कावळ्याला घास टाकेपर्यंत स्वयंपाक करणारीनं घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही घरची रीत. कोमल पहाटेपासून चुलीपुढं. खीर झाली, भाज्या झाल्या, उडदाचे वडे चालले होते. बारा वाजले असतील. एकाएकी तिच्या हातातला झारा खाली पडला. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि भिंतीला टेकली.

"आत्या," ती म्हणाली, "डोक्यात काईतरी फुटलं."

द्वारकाबाईनं आधी काय केलं असेल? तिनं कढईतले वडे काढले. ते करपले असते. मग ती सुनेकडे वळली. तोवर कोमल ओकत होती आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

मग सुरू झालं घरोघरचं शहाणपण. संतरामचं म्हणणं, कावळा उशिरा आला, वडील नाराज आहेत. कोमलचा नवरा सोमेश्वर वावरातून आला आणि म्हणाला, मोबाइल जास्त बघते, त्याचं आहे. शेजारची सुकन्या मिरच्या ओवाळून गेली. द्वारकाबाईला या तिघांचीही चीड आली. तिच्या मते हे साधं उपाशीपोटीचं पित्त होतं. तिनं सुंठ उगाळून लेप दिला, वरून फडकं आवळून बांधलं. संध्याकाळी बाजारातल्या डॉक्टरनं सुई दिली आणि तोही पित्तच म्हणाला. ते ऐकून द्वारकाबाईला बरं वाटलं. या घरात निदान एका माणसाला तरी अक्कल आहे, आणि ती आपल्याला आहे, असं तिनं बोलूनही दाखवलं.

पण दुखणं हटेना. आडवं पडलं की जास्त. खोकला आला तरी कोमल किंचाळायची. दोन दिवस ती ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. सात वर्षांत जिनं कधी डोकं दुखतं म्हणून दुपारी पाठ टेकली नव्हती, ती. आणि या दोन दिवसांतही चहाबरोबर गोळी जातच होती. घट चार दिवसांवर आले होते ना.

तिसऱ्या दिवशी सकाळी कोमल देवघराकडे बघून म्हणाली, "आत्या, आज दोन समया काहून लावल्या?"

"दोन कुठंयत? एकच हाय. डोळे चोळ."

कोमलनं डोळे चोळले. "दोनच हायत," ती म्हणाली. द्वारकाबाई वैतागून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. कोमलचा एक डोळा तिच्याकडे बघत होता, दुसरा नाकाकडे वळला होता.

अंगणात बाप-लेक चर्चा करत होते. आज न्यावं का उद्या, परभणीला न्यावं का हिंगोलीला, का आधी औंढ्याला एका जाणत्याला दाखवावं. द्वारकाबाई दारात आली. "अहो, तुमाला माणसं म्हणावं का काय?" ती ओरडली. "ती तिथं मरून राहिली अन् तुमी इथं गावं मोजून राहिले! गाडी सांगा आदी!"

हिंगोलीच्या दवाखान्यात एक तरणा डॉक्टर होता. खाटेभोवती सगळी उभी राहिली आणि डॉक्टरनं कोमलला विचारायला सुरुवात केली. पण कोमलला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर सोमेश्वर देत होता. जणू डोकं त्याचंच दुखत होतं.

"दुखणं कसं सुरू झालं?"

"हळूहळू, साहेब," सोमेश्वर म्हणाला.

द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हळूहळू कुठं रे? तू तं वावरात व्हतास! एकदम झालं डॉक्टर. वडे तळता तळता हातातला झारा पडला. फुटल्यावानी झालं म्हणली."

डॉक्टरनं मान वर करून पाहिलं. "एकदम? मिनिटाभरात?"

"मिनिट बी न्हाई."

त्यानं लगेच स्कॅन करायला पाठवलं. तासाभरानं रिपोर्ट आला. स्कॅन साफ होता. सोमेश्वरनं मोठा सुस्कारा सोडला, संतराम 'म्या म्हणलंच व्हतं' असं पुटपुटत सगळ्यांसाठी चहा आणायला गेला. म्हणाला काहीच नव्हता तो, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. डॉक्टर मात्र स्कॅनकडे बघून ओठ चावत होता. समाधान झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"यांचं बाळंतपण अलीकडं झालंय?"

"न्हाई साहेब. पोरगी पाच वर्सांची हाय."

"काही गोळ्या चालू आहेत? कुटुंबनियोजनाच्या, पाळीच्या?"

सोमेश्वरचे कान लाल झाले. "न्हाई न्हाई. आमच्या घरात तसलं काई न्हाई."

द्वारकाबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. जन्मभर जिची जीभ कधी टाळूला लागली नाही, त्या बाईची जीभ जागेवरून हलेना. तो शब्द तिनं अठ्ठावन्न वर्षांत एकाही पुरुषासमोर उच्चारला नव्हता. नवऱ्यासमोरही 'अडचण'च म्हणायची. इथं तर पोटचा पोरगा उभा, परका डॉक्टर, शेजारच्या खाटेवरचे लोक कान देऊन. आणि ती काय औषधं होती का? औषध म्हणजे आजारी माणसाचं. ही तर देवीची सोय. पोटात जाणारी एवढीशी गोळी डोक्यात कशाला जाईल? असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण पटेना. कारण तिला तो बारावा-तेरावा दिवस आठवत होता. बंद करू का, असं पोरीनं विचारलं होतं.

डॉक्टर सोमेश्वरला सोडून कोमलकडे वाकला. "ताई, तुम्ही सांगा. कसल्या गोळ्या घेतल्या?"

कोमलनं कसेबसे डोळे उघडले. तिनं डॉक्टरकडे पाहिलं नाही. त्या वाकड्या नजरेनं तिनं सासूला शोधलं, तिच्या तोंडाकडे क्षणभर पाहिलं, आणि मान हलवली. नाही म्हणून.

पोरगी मरायला टेकली होती आणि अजूनही सासूची अब्रू झाकत होती. द्वारकाबाईला त्या क्षणी इतका राग आला, इतका राग आला, की तो कुणाचा आहे हेच तिला कळेना. डॉक्टरचं पेन कागदावर चालायला लागलं होतं.

"थांब रे डॉक्टर!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की दारातली नर्स दचकली. "खोटं बोलून राहिली ती. पाळीच्या गोळ्या खाल्ल्यात तिनं. पाळी फुडं ढकलायच्या. दिवसाला तीन. महालक्ष्म्यांच्या आदीपासून, वीस-बावीस दिस झाले. आज सकाळी बी दिली. कुणी म्हणशील तं म्या दिली, म्या! माझ्या हातानं!"

दारात संतराम चहाचे कप घेऊन उभा होता आणि एक कप वाकडा झाला होता.

"बगत काय राहिले?" द्वारकाबाई म्हणाली. "चहा सांडून राहिला."

डॉक्टर चिडला नाही. त्यानं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. आता दुसरा फोटो काढायचा, तो म्हणाला, नुसता मेंदूचा नाही, मेंदूतल्या शिरांचा. साध्या स्कॅनमध्ये कधी कधी हे दिसत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तो फोटो निघाला आणि सापडलं. मेंदूतलं रक्त परत नेणारी मोठी शीर गुठळीनं बुजली होती. द्वारकाबाईला ते तिच्या पद्धतीनं कळलं. पाटाचं पुढचं तोंड गाळानं बुजलं की पाणी मागं तुंबतं आणि बांध फोडतं. पोरीच्या डोक्यात तीन दिवस पाणी तुंबत होतं आणि ती वरून फडकं आवळत होती.

रक्त पातळ करायच्या सुया सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी कोमलला दवाखान्यातच झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हे घरी झालं असतं तर हट्ट्याहून इथवर पोचणंच कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाला. द्वारकाबाईनं त्याला जिन्यात गाठलं. "माझ्यामुळं झालं का? सरळ सांग."

"मावशी, हजारो बायका त्या गोळ्या घेतात, सगळ्यांना असं होत नाही," तो म्हणाला. "पण कुणाला चालतील, कुणाला नाही, ते विचारल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तीन आठवडे चालवल्या. वर उपास, आगीपुढं बसणं, पाणी नाही. आणि खरी चूक त्याच्याही पुढची आहे. जन्मात कधी झालं नाही असं डोकं एकदम, एका झटक्यात दुखलं, वर उलट्या, तर त्याला पित्त म्हणायचंच नाही. तिथल्या तिथं गाडी करायची. त्यात बाई बाळंतीण असेल, नाहीतर गोळ्यांवर असेल, तर पहिल्यांदा तेच सांगायचं. तुम्ही काल सांगितलं म्हणून मी तो फोटो कालच काढला."

"तीन दिसांनी सांगितलं," द्वारकाबाई म्हणाली. "वडे काढून मंग."

डॉक्टरला ते कळलं नाही. तिनंही समजावलं नाही.

त्या वर्षी तिच्या घरचे घट सुकन्यानं बसवले. अठराव्या दिवशी कोमल घरी आली. डोळा सरळ झाला होता, चालताही येत होतं. फक्त उजवा हात मागं राहिला. बोटं वळायची, पण तिनं सांगितल्यावर लगेच नाही. विचार करून वळायची. द्वारकाबाई रोज तिच्यापुढं परातीत ज्वारी पसरायची आणि एक एक दाणा उचलून वाटीत टाकायला लावायची. समोर बसून. दाणा बाहेर पडला की तिच्या तोंडून च्यक् निघायचं आणि मग ती दुसरीकडेच बघायची.

कोमल जरा सावरल्यावर एक दिवस द्वारकाबाई ओमप्रकाशच्या मेडिकलवर गेली. भर दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना. "कागदात गुंडाळून काय देतोस रे?" तिनं विचारलं. "लोकायच्या लेकीसुना मारायचं औषध?" ओमप्रकाश तोंड लपवायला जागा शोधत होता. शेवटी तो म्हणाला, "मावशी, मी कधी घरी आणून दिल्या का? तुमीच तं यायच्या. साऱ्या गल्लीच्या तुमीच न्यायच्या." हे खरं होतं. म्हणून तर द्वारकाबाईचा जीव जास्तच जळला. ती आणखी पाव तास भांडली आणि घरी येऊन न जेवता बसली.

पुढचा श्रावण संपता संपता नेहमीसारख्या बायका तिच्या ओट्यावर आल्या. "काकू, देवीचं आणून देता ना?" द्वारकाबाईनं त्यांना बसवून घेतलं आणि जे तोंड सोडलं ते दिवेलागणीपर्यंत. झारा कसा पडला, समया दोन कशा दिसल्या, डोळा कसा फिरला, सगळं. आणि 'पाळी' हा शब्द तिनं ओट्यावर इतक्यांदा उच्चारला की पलीकडे बसलेला संतराम उठून वावरात गेला. "पयले डॉक्टरीनबाईला विचारा, मंग गिळा," ती म्हणाली. "अन् एकदम डोकं फुटाया लागलं तं सुंठ उगाळत बसू नका माझ्यावानी." बायकांनी माना डोलावल्या. त्यातल्या दोघी दुसऱ्याच दिवशी तिला चुकवून ओमप्रकाशकडे गेल्या. एकीनं तर त्याला कागद आणखी जाड लावायला सांगितला, असं कळलं. काय करायचं या बायांचं, या विचारानं द्वारकाबाईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी कोठ्या उभ्या राहिल्या होत्या. द्वारकाबाई हातात नवी हिरवी साडी घेऊन उभी, आणि मागच्या दाराशी कोमल. आत यायचं सोडून उंबऱ्याबाहेर थांबलेली.

"आत्या, माझी अडचण आली."

द्वारकाबाईनं दाराआडच्या कॅलेंडरकडे पाहिलं. वर्षभरात त्यावर एकही फुली नव्हती. मग तिनं मुखवट्यांकडे पाहिलं. ती काही सुधारून वगैरे गेलेली नव्हती. देवीचं भय तिला कालही होतं, आजही होतंच. पण गेल्या वर्षीची खाटेवरची ती हललेली मान तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हती.

"मंग तिथं काहून उभी राहिलीस?" ती खेकसली. "ये इकडं. साडी धर."

"आत्या, देवी..."

"कोपली तं माझ्यावर कोपंल. तिचं माझं म्या बगून घेते. धर म्हणलं ना."

कोमल आत आली. भीत भीत तिनं पदर लावला आणि निऱ्या घालायला बसली. डाव्या हातानं धरायची, उजव्यानं दुमडायची. उजवी बोटं उशिरा वळत होती. एक निरी रुंद झाली, दुसरी बारीक, तिसरी मधेच सुटली. तिनं पुन्हा घेतली. अर्धा तास गेला. द्वारकाबाई शेजारी बसून भाज्या निवडत होती. तिचे हात सारखे साडीकडे जात होते आणि ती ते भाजीत खुपसत होती.

शेवटी कोमल उठली. देवीच्या निऱ्या खाली एका बाजूला घसरल्या होत्या.

हळदी-कुंकवाचं ताट घेऊन सुकन्या आली. तिनं डोकं तिरकं करून पाहिलं. "काकू, यंदा निऱ्या वाकड्या बसल्या की. सोडून नीट घालू का?"

"हात लावशील तं बग," द्वारकाबाई म्हणाली. "आमच्या घरी अशाच असतात."